भागीरथेचा धोटा

ताराचंद मेला तेव्हा मी त्याच्या मयतीला गेले नाही. बायका बोलवायला आल्या, "प्रेमिलाबाई, शेजारधर्म असतो," म्हणाल्या. मी म्हटलं, माझा शेजारधर्म भागीरथावहिनीच्या वेळीच करून झाला. दार लावून घेतलं आणि चहा टाकला. चहा त्या दिवशी छान झाला होता, हेही सांगून टाकते.

नागपुरातल्या तांडापेठेतली आमची गल्ली विणकरांची. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले, लग्न केलं नाही, बापाच्या घरीच राहिले. त्यामुळे समोरच्या घरात जे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. ऐकीव फारसं काही नाही.

समोरचं घर दोन भावांचं. थोरला ताराचंद, धाकटा गुलाबचंद. ताराचंद विणकरांच्या सोसायटीत संचालक, इस्त्रीची टोपी, कुणाच्या घरी भांडण झालं की मधे बसून पान चघळत न्याय देणार. गुलाबचंदनं मात्र माग सोडला आणि ट्रक धरला. शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये लागला. रायपूर, इंदूर, कधी पार कलकत्ता. महिन्यातून चार दिवस घरी. त्याची बायको भागीरथा उमरेडची, विणकराचीच लेक. आमच्याकडे बायका कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरतात आणि माग चालवतो पुरुष. पण नवऱ्याचा माग रिकामा पडलेला हिला बघवेना. एक दिवस जाऊन बसली आणि विणायला लागली. तिची लुगडी ताराचंदच्या लुगड्यांपेक्षा आधी विकली जायची. ताराचंदला ते कधीच पचलं नाही, पण पैसा घरातच येत होता, म्हणून गप्प होता.

धोटा ठाऊक नसेल तर सांगते. मागावर आडवं सूत पोटात घेऊन इकडून तिकडे पळते ती लाकडी होडी म्हणजे धोटा. त्याच्या कुशीला बारीक छिद्र असतं. नवी कांडी घातली की त्या छिद्राला ओठ लावून आत श्वास ओढायचा, की सुताचं टोक बाहेर येतं. दिवसातून शेकडो वेळा. घरात कुणीही उठून कुणाच्याही मागावर बसतो, त्यामुळे एकाच धोट्याला सगळ्या घराची तोंडं लागतात. कुणाला त्यात काही वाटत नसे.

आणखी एक गोष्ट. सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलत नाही. पदर कपाळाखाली ओढून बाजूला सरकते. ताराचंदला भागीरथेला काही सांगायचं असलं की तो आपल्या बायकोला, रुखमाबाईला सांगायचा, "तिले सांग." भागीरथाही रुखमाबाईला सांगायची. तिघंही एकाच खोलीत उभी असायची. वीस वर्षं हे चाललं. भासऱ्याला हाक काय म्हणून मारायची, हे भागीरथेच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात गुलाबचंद घरी आला तो परत गेलाच नाही. अंगातला ताप निघत नव्हता. हगवण थांबेना. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसायला लागली. तोंडात दह्याची साय चिकटावी तसे पांढरे चट्टे. गल्लीतल्या डॉक्टरनं महिनाभर गोळ्या दिल्या, मग एक दिवस ताराचंदला बाजूला घेऊन म्हणाला, मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त तपासा, पेपरात येतोय ना तो नवा रोग, ट्रकवाल्यांमधे निघतो आहे.

ताराचंद घरी आला आणि ओसरीवरूनच बोलला, आमच्या घरापर्यंत ऐकू येईल असा. "तपासनी-बिपासनी काही नाही! तपासलं की नाव लागते. तोंडात काय झालं, त धोट्यातला सुताचा मैल जाते पोटात. मले नाही होत का?"

गुलाबचंदलाही तेच हवं होतं. त्याला सगळं माहीत होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. वाडीला त्याच्याबरोबरचे दोन ड्रायव्हर तसेच वाळून मेले होते. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, भागीरथा दवाखान्याचं नाव काढायची आणि तो म्हणायचा, "दादा नाही म्हनते ना, मंग काहून मागं लागली वं?" जरा बरं वाटलं की दादाच्या मागावर जाऊन बसायचा. आणि रात्री बायकोच्या शेजारी झोपायचा. सहा-सात महिने. तेव्हा एका माणसानं जरी त्याचं रक्त तपासून घेतलं असतं तरी तिला सावध राहता आलं असतं. दोघा भावांनी मिळून तिचा घात केला, आणि तो एका टोपीच्या इस्त्रीसाठी. मी ह्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

पौषात गुलाबचंद गेला. तेराव्याला वाडीचा एक क्लीनर आला होता. भाबडं पोरगं, सांत्वन करता करता सगळ्यांपुढं बोलून गेलं, "आमच्याकडचे दोघं बी असेच गेले, एड्सनं." जेवणाच्या पंगतीत हात थांबले.

आता ताराचंदनं काय करावं? भाऊ बाहेर जात होता असं म्हटलं तर घराला बट्टा. म्हणून तो उभा राहिला आणि रुखमाबाईकडं बघत म्हणाला, "माह्या भावाचं नाव घेऊ नका. तो सोन्याचा होता. बाईमानूस मागावर बसली, धोटा तोंडाले लावला, तिथूनच लागलं. तिच्या तोंडातून धोट्यात अन् धोट्यातून त्याच्या तोंडात. तिच्यात ते आलं कुठून, ते तिलेच इचारा."

आणि गल्लीनं मान डोलावली! उष्ट्यातून रोग जातो हे आमच्याकडे लहान पोरालाही पटतं, आणि धोटा तर सगळ्यात उष्टी वस्तू. माझे वडीलही गप्प बसले. त्या संध्याकाळी ताराचंदनं घरातले सगळे धोटे अंगणात आणून रॉकेल टाकून जाळले. भागीरथेचा माग उकलला. तिला मागच्या सपरीत टाकलं, जिथं सरपण आणि शेळी असायची.

मागासाठी तिनं हातपाय हलवले असते तरी उपयोग नव्हता. कारण ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, पाजणी लागते. सकाळी उन्हं तापायच्या आत पूर्ण गल्लीभर ताणा ताणायचा, दोन्ही बाजूंनी माणसं उभी करायची आणि कुंच्यांनी खळ चोळत पुढं सरकायचं. एका घराचं ते काम नव्हे. आज तुझ्या ताण्याला मी, उद्या माझ्या ताण्याला तू. आणि भागीरथेच्या ताण्याला आता कुणी हात लावणार नव्हतं. ती वाडीला एका गोदामात बारदाना शिवायला जायला लागली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं.

एकच धोटा जळला नाही. तिच्या बापानं उमरेडहून दिलेला, शिसवीचा, वापरून काळा झालेला. तो तिनं कमरेला खोचून ठेवला होता.

पुढच्या पावसाळ्यात तिला संध्याकाळचा ताप येऊ लागला. रात्री घामानं लुगडं भिजायचं. मानेच्या मागं, कानाखाली, बोरासारख्या गाठी लागायच्या हाताला. मग पाठीवरून बरगडीकडे नागीण उठली, फोडांचा पट्टाच्या पट्टा, आग आग व्हायची. मी तेल लावून द्यायला जायचे. म्हटलं, "वहिनी, दवाखान्यात चला. मी येते बरोबर."

"नाही."

"भीती वाटते का?"

"वाटते." पालथी पडल्या पडल्या ती म्हणाली. "मराची नाही वाटत, प्रेमिलाबाई. तपासलं अन् निघालं, त ताराचंद खरा ठरते ना गल्लीत! पाहा, म्हनल, होतंच तिच्यात. मी अशीच मरीन, पन त्याले खरं होऊ देनार नाही."

मी तिला समजावलं, चिडले, रडले. ती हलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हलले नसते.

आणि मग देवानं म्हणा किंवा लाकडानं म्हणा, काम केलं. एका सकाळी चहाच्या टपरीवर आमच्या गल्लीतले नानाजी, तोंडानं सैल म्हातारा, सहज बोलून गेले, "काय गा ताराचंद, वाळला काहून तू? गुलाबचंद बिमारीत तुह्याच मागावर बसून राहिला होता ना? मंग तूनं बी तोच धोटा चोखला असंल."

टपरीवरचे लोक हसले. ताराचंद हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला आणि चहा न पिताच घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो दाराच्या चौकटीतल्या आरशासमोर जीभ काढून उभा दिसायला लागला. जन्मभर चुना-तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडात एखादा फोड असणारच. त्यानं तो शोधून काढला. पान सोडलं. जेवण सुटलं, म्हणून आणखी वाळला. वाळला म्हणून आणखी घाबरला. गल्लीत कुणी खोकलं तरी हा आपली मान चाचपायचा.

भागीरथेला हे मीच सांगितलं. ती शेळीला पाला घालत होती. ऐकता ऐकता थांबली आणि हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "उद्या शाळेले सुट्टी घ्या. दवाखान्यात जाऊ."

"आता कशा तयार झालात?"

"मले डाक्टरले एक गोष्ट इचाराची हाय."

दवाखाना सरकारी होता, नाव घेत नाही. खिडकीतल्या बाबूनं "कोणती तपासणी?" विचारलं आणि उत्तर ऐकून तीच गोष्ट बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा म्हणाला. बाक रिकामा झाला. आम्ही दोघी ऐसपैस बसलो. रक्त घेणाऱ्यानं दोन-दोन मोजे घातले होते. पुढं रक्त बाहेरगावी जाणार, बऱ्याच आठवड्यांनी कळणार. ते आठवडे ती रोज वाडीला गेली आणि बारदाना शिवला. ताप आला की पोत्यांवरच पडायची.

निकाल सांगायला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं दार लावलं, भागीरथेचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं, आहे. औषध अजून नाही, पण खाणंपिणं, ताप, खोकला यांच्याकडं लक्ष द्यायचं. भागीरथेनं फक्त मान हलवली, हे तिला ठाऊकच होतं. मग तिनं कमरेचा धोटा काढला.

"बाई, हे असं केल्यानं होते का?" तिनं पदरात बांधून आणलेली कांडी घातली, छिद्राला ओठ लावले, श्वास ओढला. सूत बाहेर आलं. "मी केलं, मंग दुसऱ्यानं केलं, त त्याले होते का?"

डॉक्टरणीनं धोटा हातात घेऊन छिद्र पाहिलं. मग म्हणाली, "नाही हो. थुंकीनं, उष्ट्यानं होत नाही. नवरा-बायकोच्या संबंधातून होतो, रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला. ह्यानं नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

बाहेर आल्यावर मला वाटलं आता रडेल. सीताबर्डीपर्यंत आम्ही पायीच आलो. तिथं गर्दीत ती थांबली आणि म्हणाली, "मंजे तो खोटा हाय. अन् त्याले काही झालंच नाही."

"नाही झालं."

"हे त्याले सांगाचं नाही, प्रेमिलाबाई."

मी नाही सांगितलं. चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिला इतके महिने अंधारात ठेवणाऱ्यानं थोडे दिवस अंधारात बसायला काय हरकत होती?

मग रुखमाबाईच्या चकरा सुरू झाल्या. ताराचंद भिंतीपलीकडे उभा राहायचा आणि ती सपरीच्या दाराशी यायची. "भागीरथे, ते इचारून राहिले, तुले पयले काय झालं होतं वं?"

भागीरथा खरं तेच सांगायची. एक शब्द वाढवला नाही. "सांजच्यानं ताप येत होता." दुसऱ्या दिवशी ताराचंद डॉक्टरकडून थर्मामीटर घेऊन आला. "मानेले गाठी आल्या." ताराचंदची बोटं मानेवरून हलेनात, दाबून दाबून त्यानं तिथं खरंच सूज आणली. "रातच्यानं घाम येते." वैशाखातल्या नागपुरात घाम कुणाला येत नाही? तो अंगणात बाज टाकून पहाटेपर्यंत बसून राहायचा.

शेवटी तिनंच निरोप दिला. "त्याहिले म्हना, दवाखान्यात जा. खिडकीत नाव सांगा लागते, बस."

नाव सांगायचं म्हटल्यावर तो कसला जातो! तपासलं की नाव लागते, हे वाक्य त्याचंच होतं. सोसायटीचा संचालक त्या बाकावर बसणार, बाबू ओरडणार, कुणीतरी ओळखीचं भेटणार. भावाला अडवायला जी भीती त्यानं दाराशी उभी केली होती, ती आता त्यालाच बाहेर पडू देईना. मला हे बघून फार समाधान व्हायचं. खिडकीत खुर्ची टाकून मी शाळेच्या वह्या तपासायचे आणि मधून मधून त्याच्याकडं बघायचे.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर आमच्या घरचा ताणा लागला होता. सकाळची वेळ, गल्लीभर पाजणी चालू, वडील, नानाजी आणि सगळे शेजारी कुंचे घेऊन उभे. भागीरथा वाडीला जायला निघाली होती. ताण्याला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेनं चालली होती. तेवढ्यात ताराचंद ओसरीवरून उतरला. टोपी नव्हती. रुखमाबाईला हाक न मारता सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"खरं सांग," तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "तू तपासून आली म्हनते. धोट्यानं होते का नाही होत?"

सगळे कुंचे थांबले. भासरा सुनेशी बोलत होता.

भागीरथेचा हात सवयीनं पदराकडं गेला. मग तिनं तो खाली घेतला. पदर डोक्यावरून मागं पडू दिला. कमरेचा धोटा काढला, ताण्याशेजारच्या टोपलीतून एक भरलेली कांडी उचलून त्यात घातली, आणि सगळ्यांसमोर छिद्राला ओठ लावून सूत ओढलं. धोटा पुसला नाही. तसाच पुढं केला.

"ताराचंद," ती म्हणाली.

वीस वर्षं तिला त्याच्यासाठी हाक नव्हती, आज निघाली ती नुसत्या नावाची.

"मले बिमारी हाय. तुह्या भावानं देल्ली, ट्रकवरून आनून. तुले ठाऊक होतं, अन् तू त्याले तपासू देल्लं नाही. धोट्यानं ते होत नाही. डाक्टरीण बाईनं सांगतलं. आता घे, लाव तोंडाले."

छिद्रापाशी लाकूड ओलं होतं.

"लाव ना! तू म्हनला होता धोट्यानं होते. खोटं बोलला असशीन, त लाव. तुले काही होत नाही. अन् खरं बोलला असशीन, त तुले कवाचंच झालं हाय, मंग भेतो काहून? दोन्हीकून लावता येते. लाव."

त्याचा हात थोडा वर आला. मला वाटलं लावतो. खरं तिनं सांगून टाकलं होतं, फुकट, सगळ्या गल्लीसमोर. विश्वास ठेवायचा तेवढं बाकी होतं. पण आपणच पेरलेलं त्याच्यात इतकं खोल गेलं होतं की खरं आत शिरायला जागाच नव्हती. हात खाली पडला. तो मागं सरकला, ताण्याला अडखळला, आणि अंगाला खळ लागलेली तशीच घेऊन घरात गेला.

मग माझ्या वडिलांनी घसा खाकरला. "सूनबाई, तुमचा ताणा कवा लावता? येऊ आमी."

"इतके दिस हात कुठी ठेवले होते?" ती म्हणाली, आणि वाडीची बस धरायला निघून गेली.

ताणा मात्र तिनं लावला. माग पुन्हा जोडला, सपरीतच. गल्ली पाजणीला आली, मान खाली घालून. ज्याची पाजणी त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा आमचा रिवाज. भागीरथेनं कधी कुणाला चहा दिला नाही. काम करून घेतलं आणि जा म्हणाली. तिचं हे वागणं काहींना लागलं. लागू दे.

ती आणखी पाच वर्षं विणत राहिली. शेवटी उठवेना तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि धोटा हातात दिला. "हा त्याच्या उंबरठ्यावर ठेवजा. भासऱ्याचं सुनेकडे काही देनं राहू नये."

तिला पोचवून आल्यावर मी तो समोरच्या दारात, उंबरठ्याच्या मधोमध ठेवला. ताराचंद आतून बघत होता. रुखमाबाई चुलीपाशी होती. तो ओरडला, "उचल ते!" ती जागची हलली नाही. म्हणाली, "तुमचा हाय, तुमीच उचला." तिच्या तोंडून असं काही निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिनं दर शनिवारी उंबरठा सारवला, तोही धोट्याच्या भोवतीनं.

ताराचंदला कधी कुठला रोग झाला नाही. रक्तही त्यानं कधी तपासलं नाही. पुष्कळ वर्षं जगला, रोज सकाळी जीभ बघत. आणि मरेपर्यंत तो पुढच्या दारानं एकदाही बाहेर पडला नाही. बाजारात जायचं असो, देवळात जायचं असो, सोसायटीत जायचं असो, तो मागं जायचा, आणि तिच्याच सपरीतून, शेळीच्या खुंट्याशेजारून वाकून बाहेर निघायचा.